कानाशी धरलेला डबा

ज्या साली दुर्गाबाईच्या धाकट्या मुलाला, कुलदीपला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी जुळं झालं आणि अमरावतीच्या साईनगरातल्या तीन खोल्यांत एकदम दोन पाळणे लागले, त्याच सालच्या नवरात्रातली ही गोष्ट. घरात सगळ्यांची झोप उडाली होती. दुर्गाबाईची आधीपासूनच उडालेली, म्हणून सकाळी लेकरांपैकी जे रडत असेल ते मांडीवर घेऊन गॅलरीत बसायचं काम तिच्याकडे आलं होतं. एका मांडीवर लेकरू आणि दुसऱ्या मांडीशी पेपर. तिचं वाचणं म्हणजे बोट ठेवून, शब्द ओठांवर घोळवत. एक बातमी सकाळभर पुरायची. त्या दिवशी ती अंबादेवीच्या गर्दीची बातमी वाचत होती, अर्ध्यावर आली होती, आणि फोन वाजला. अकोल्याहून चंदन बोलत होता. चंदन म्हणजे तिच्या मोठ्या नणंदेचा, रुख्माबाईचा एकुलता मुलगा. त्यानं लेकरांची चौकशी केली, दुधाची केली, कुलदीपच्या बायकोची केली. मग म्हणाला, “मामी, आचलले सांगा, ते पुस्तकं आता बंद करा म्हणा. पाचवं काढू नोका.” काहून रे, तिनं विचारलं. “अठी लोकं हासून राहिले. म्हणते, पुस्तकात चोर पकडते अन् बिल्डिंगमधी चोरी करते.” दुर्गाबाईचं बोट बातमीतल्या ज्या शब्दावर होतं तिथंच राहिलं. फोन ठेवल्यावरही ते तिथून हललं नाही. मांडीवरचं लेकरू केव्हा झोपलं तेही तिला कळलं नाही.

आचल ही दुर्गाबाईची थोरली नात. कॉलेजात शिकवते, आणि आजीनं रात्री अंथरुणात सांगितलेल्या गोष्टींची पुस्तकं करते. हिवरखेडची रुख्माबाई आणि तिनं लावलेले छडे. चार पुस्तकं निघाली होती, हातात मावतील अशी लहान. एसटी स्टँडवरच्या दुकानात ती दोरीवर टांगलेली दिसत, आणि दुर्गाबाई कुठं जायचं नसलं तरी त्या दुकानासमोरून जाई. आचलनं त्यात आपल्या पदरचं पुष्कळ घातलं होतं. पुस्तकातल्या रुख्माबाईच्या हातात काळी छत्री असायची. खऱ्या रुख्माबाईनं जन्मात छत्री धरली नाही, पोत्याची खोळ घेऊन ती भर श्रावणात वांगी तोडायची. दुर्गाबाईनं ते नातीला सांगितलं होतं. नात म्हणाली, आजी, छत्री असली की चित्र चांगलं येतं. असू दे मग छत्री. पण छत्रीखालची बाई खरी होती, तिचं बसणं-उठणं, तिचं गप्प राहणं खरं होतं, आणि ती बाई आपली नणंद आहे, आपण तिच्या मागं मागं चाललो, याचा दुर्गाबाईला असा अभिमान होता की तो ती कुणाला बोलून दाखवत नसे. बोललं की पातळ होतं. ते घट्टच बरं.

अचलपूरच्या फुलमाळ्यांच्या घरातून लग्न होऊन दुर्गाबाई हिवरखेडला आली तेव्हा रुख्माबाई माहेरीच होती. नवरा शालिकराम साप चावून गेलेला, कडेवर चंदन, आणि कपाळ उघडं. नव्या नवरीच्या सामानात पत्र्याचा एक डबा होता. आईनं वाटेत खायला म्हणून दिलेला. रुख्माबाईनं तो उचलला, झाकणावर तळवा दाबला, कानाशी धरला आणि एकदाच हलवला. मग वाट पाहिली. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून पाहत होत्या. ती म्हणाली, वरून फुटाणे आहेत, खाली गुळाच्या पोळ्या आहेत, सुकल्या आहेत. मग आणखी थांबली, नवरीकडे पाहिलं, आणि बाकीचं बोलली नाही. बाकीचं म्हणजे अगदी तळाशी, फडक्याखाली, दुर्गाबाईनं तळहाताएवढाही नसलेला एक आरसा लपवला होता. सासरी आरसा पाहू देत नाहीत असं तिला कुणीतरी सांगितलेलं. संध्याकाळी गोठ्यापाशी रुख्माबाईनं तिला गाठलं. “आरसा खिडकीत लाव, दुर्गे. माय काई म्हणत नाही. मीच सांगतो तिले.” तिथून दोघींचं जमलं. भावजय आणि नणंद, पण गावात त्यांना कुणी भांडताना पाहिलं नाही. टोमणे मात्र शेवटपर्यंत चालले.

ही विद्या भुलाबाईची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जायच्या. ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे वाळल्या ताटांच्या, खोपीत मातीची भुलाबाई, तिचा भुलोजी, मांडीवर गणोबा. गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या, आणि गाणी सरली की ज्या घरी गेलो त्या घरचा खाऊ झाकल्या डब्यातून बाहेर यायचा. तो उघडायचा नाही. हलवून ओळखायचा. ओळखल्याशिवाय मिळायचा नाही. सगळ्याच पोरी हे खेळतात आणि लग्न झालं की विसरतात. रुख्माबाई विसरली नाही. ती दुर्गाबाईला म्हणायची, हलवताना ऐकायचं नसतं, हलवणं थांबलं की ऐकायचं. हलकं आधी बसते. जड वस्तू सगळ्यांच्या मागून बसते. माणसाचंही तिनं तसंच केलं. कुणाकडे काही हरवलं, गेलं, फुटलं की ती त्या घरी जाऊन एखादी गोष्ट हळूच विचारायची, घर हलवायची म्हणा ना, आणि मग पायरीवर बसून सुपारी कातरत राहायची. बोलणं सगळं बसेपर्यंत.

एका साली मळ्यामळ्यांतून वांगी जाऊ लागली. माणसं काठ्या घेऊन राखणीला बसली, कुणाकुणावर संशय घेऊन मोकळी झाली. रुख्माबाई झाडापाशी उकिडवी बसली. वांगं देठासकट तोडलेलं नव्हतं, पिरगाळलेलं होतं, देठ झाडालाच. बिनदेठाचं वांगं बाजारात कुणी घेत नाही. म्हणजे चोर विकणारा नाही, खाणारा आहे. आणि गेली होती ती सगळी कोवळी, बी न धरलेली. म्हणजे खाणाऱ्याला दात नाहीत. तिनं दुर्गाबाईकडे पाहिलं, दुर्गाबाईनं तिच्याकडे, आणि दोघींना एकदमच म्हातारे नत्थुजी आठवले, ज्यांच्या घरी सून भरीत करत नसे, वास येतो म्हणून. रुख्माबाईनं गावात नाव काढलं नाही. ती नत्थुजींच्या सुनेपाशी जाऊन बसली, कापसाचं बोलली, पाण्याचं बोलली, आणि निघताना म्हणाली, आमच्याकडे रोज भाजतो, म्हाताऱ्याची वाटी पाठवत जाईन. वांगी जायची थांबली. नाव न काढणं हा तिचा नेम होता. चोर सापडला की गाव एक माणूस गमावते, असं ती म्हणायची. आचलच्या दुसऱ्या पुस्तकात ही गोष्ट आहे, नावं बदललेली आहेत, तरी नत्थुजींच्या नातवानं तेल्हाऱ्याच्या बाजारात ते वाचलं आणि आणखी प्रती मागवून सोयऱ्यांना वाटल्या. हा आमचा आबा, म्हणून.

गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा दोघींचे केस पांढरे व्हायला लागले होते. दुर्गाबाई कंदील घेऊन जायची, पाटीवर ग गवताचा गिरवायची, आणि महिनाभरानं तिला मारुतीच्या देवळावरची पाटी वाचता आली तेव्हा ती तिथंच रडली होती. रुख्माबाई फक्त पहिल्या दिवशी आली. पाटी हातात घेतली, फिरवली, परत दिली. वाटेत म्हणाली, “तुहं चालू दे. मी हालवून पायलं. अक्षर वाजत नाही.” हे ती चेष्टेनं म्हणाली की खरंच, हे दुर्गाबाईला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

आता ती गॅलरीत बसून ते सगळं पुन्हा हलवत होती. चंदननं सांगितलं होतं ते इतकं. दुर्गाबाईचे यजमान रामराव गेले, मळा विकला, त्यानंतर रुख्माबाई मुलाकडे अकोल्याला राहत होती, आणि गेल्या दोनेक वर्षांत तिचं मन विरत चाललं होतं. माणसं ओळखू येत नव्हती. यंदा भाद्रपद अर्धा सरला तशी तिनं नवीन खोड काढली. दिवेलागणीला बिल्डिंगमधल्या कुणाच्याही दारात जाऊन उभी राहायची, आत शिरायची, स्वयंपाकघरातला डबा उचलून कानाशी धरायची. बाया आधी हसत होत्या. समोरच्या शकुननं तर कौतुकानं स्टुलावर बसवलं होतं. तिथं आणखी दोघी-तिघी होत्या. रुख्माबाईनं शकुनचा डाळीचा डबा हलवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, डाळ हाय, अन् डाळीत लेणं हाय. शकुन पांढरी पडली. कारण खरंच होतं, तिच्या आईनं दिलेल्या सोन्याच्या पाटल्या तिनं त्या डाळीत खुपसून ठेवल्या होत्या. घटस्थापनेला तिनं हात घातला तर डाळ होती, पाटल्या नव्हत्या. आता ज्या बाईला बंद डब्यातलं सोनं कळलं, तिच्याशिवाय कुणावर बोट जाणार? चंदन म्हणाला, “मी बायरून कडी लावून ठेवतो आता मायले. काय करू, मामी. बयाड झाली ते, येडी.”

कडी हा शब्द दुर्गाबाईच्या आत कुठंतरी जाऊन पडला, पण लगेच बसला नाही. तिनं लेकरू पाळण्यात ठेवलं, लुगडं बदललं, आणि आचलला म्हणाली, मला स्टँडवर सोड. आचल म्हणाली, मीही येते. नको, ती म्हणाली, तू पुस्तकं लिहितेस, तू आलीस तर ते गोष्ट झाल्यासारखं वाटते. स्टँडवरच्या दुकानात दोरीला चार रुख्माबाया टांगलेल्या होत्या, चौघींच्या हातात छत्री. आज ती त्यांच्यासमोर थांबली नाही. बस बडनेऱ्याचं फाटक ओलांडून हमरस्त्याला लागली. दोन्हीकडे कापूस बोंडावर आलेला, तूर हिरवीगार. मूर्तिजापूरपर्यंत ती रागानं ताठ बसली होती. चंदनवर, शकुनवर, सगळ्या अकोल्यावर राग. मूर्तिजापूरला बस बराच वेळ उभी राहिली, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांच्या मागून जे बसायचं होतं ते बसलं. खरंच घेतल्या असतील तर? चोरायच्या म्हणून नाही. मन ठिकाणावर नसलेली बाई, डबा हलवला, उघडला, चमकणारं दिसलं, कनवटीला लावलं, विसरली. मग ती चोर नव्हे, पण मग ती रुख्माबाईही नव्हे. मग ज्या बाईच्या मागं आपण जन्मभर चाललो ती केव्हाच गेली आहे, आणि कडीमागं दुसरीच कुणी म्हातारी आहे. दुर्गाबाईनं पदरानं तोंड पुसलं. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली. तिनं प्यायलं नाही. तिला असं वाटलं की हा विचार आपण केला हे जर रुख्माबाईला कळलं, आणि तिला कळतंच, तर ती काही म्हणणार नाही, फक्त सुपारी कातरत राहील.

डाबकी रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये दाराला खरोखरच बाहेरून कडी होती. चंदनची बायको रूपाली आतल्या खोलीचं दार उघडताना खाली पाहत होती. ती वाईट बाई नव्हती. सासूला वेळेवर नाहायला-खायला घालणारी, तिच्या पायाला तेल लावणारी. मामी, मी थकली, एवढंच ती म्हणाली. रुख्माबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. अंगानं चिपाड झालेली, पण कान तसेच मोठे, पाळ्या ओघळलेल्या. तिनं दुर्गाबाईकडे पाहिलं. पाहिलं ते पाहुणीकडे पाहावं तसं, माणसाळूपणानं, पण कोरं.

“कोणाची वो तू?”

“तुमच्या भावाची,” दुर्गाबाई म्हणाली.

“कोणत्या? मले भाऊ एकच. रामा.”

“त्याचीच.”

“त्याचं लगन झालं?” रुख्माबाई म्हणाली, आणि तिला ते ऐकून इतका आनंद झाला की तिनं दुर्गाबाईचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. रामराव जाऊन किती वर्षं झाली ते दुर्गाबाईनं सांगितलं नाही. ती बसून राहिली, नव्यानं लग्न झाल्यासारखी. मग तिची नजर खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीवर गेली. हिवरखेडचीच पेटी. तिला ती उघडायची होती आणि उघडायची नव्हती. शेवटी तिनं ती ओढून मांडीवर घेतली, आणि लग्नानंतर प्रथमच स्वतः कानाशी धरून हलवली. रुख्माबाई तिच्याकडे लक्ष देऊन पाहत होती. काहीतरी खडखडलं, मग सरसरलं, मग थांबलं. दुर्गाबाईला काही कळलं नाही. तिला ते कधीच आलं नव्हतं. तिनं झाकण उघडलं. आत कागदाच्या पुड्यांत बत्तासा, खारकेचा तुकडा, चिमूटभर मुरमुरे, शेव. घरोघरी कुणीकुणी हातावर ठेवलेला खाऊ, एकाही पुडीला हात न लावता जपलेला. सोनं नव्हतं. दुर्गाबाईनं पेटी बंद केली आणि तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की ती उठून मोरीत तोंड धुऊन आली.

तोंड पुसताना समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. ती अजूनही कुठलंही अक्षर दिसलं की वाचते, न वाचता तिला पुढं जाता येत नाही. आश्विन. तिनं मागचं पान उलटून पाहिलं. भाद्रपद, पौर्णिमा. खोड केव्हापासून लागली म्हणालात, तिनं रूपालीला विचारलं. रूपाली म्हणाली, पितरं बसायच्या आदल्या दिवसापासून. “अवं माय,” दुर्गाबाई म्हणाली, “ते खोड नाही. भुलाबाईचा महिना हाय.” बिल्डिंगमध्ये कुणाला भुलाबाई आठवत नव्हती, कुणाच्या घरी खोप नव्हती, आणि जिला स्वतःचा भाऊ आठवत नव्हता तिला पुनव मात्र आपोआप आठवली होती. रूपाली खाटेच्या कडेला बसली. तीही लहानपणी खेळली होती, मूर्तिजापूरला. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

दिवेलागणीला दुर्गाबाईनं नणंदेला हाताशी धरलं आणि समोरचं दार वाजवलं. शकुननं उघडलं. तिच्या मागं तिची सासू तानुबाई, मोठ्या कुंकवाची, कमरेवर हात ठेवून उभी. तानुबाईला पाटल्यांचं काहीच माहीत नव्हतं, हे रूपालीनं जिन्यातच सांगून ठेवलं होतं. शकुननं त्या सासूपासूनच लपवल्या होत्या, आणि चोरीचं सासूपुढं काढू नका म्हणून बिल्डिंगमधल्या बायांना शपथ घातली होती. आईची शेवटची वस्तू, सासूच्या तिजोरीत गेली की आपली राहत नाही असं तिला वाटे. म्हणून तिनं बाहेर सगळीकडे शोधलं, बाहेरच्यावर संशय घेतला, आणि घरातल्या माणसाला एक शब्द विचारला नाही. दुर्गाबाईला हे नवीन नव्हतं. आरशाची गोष्ट दुसरी काय होती? ती शकुनला म्हणाली, भुलाबाईला आलो आहोत, खाऊ ओळखायला. खाऊ नसला तर तो डाळीचाच डबा दे. शकुन आत गेली. तिनं डबा दिला. रुख्माबाईनं झाकणावर तळवा दाबला, कानाशी नेला, एकदा हलवला. आणि मग ते थांबणं. दुर्गाबाईनं ते थांबणं कितीदा पाहिलं होतं, खळ्यावर, चावडीवर, लग्नघरात. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कलती. ती बाई कुठंही गेली नव्हती. ती त्या थांबण्यात पूर्ण बसलेली होती.

“हे ते डाळ नोय,” रुख्माबाई म्हणाली. “ते घरची होती. जड. हे दुकानातली हाय.”

तानुबाई पुढं झाली. बाई, तुम्हाला कसं कळलं, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात संशय नव्हता, नवल होतं. घरची डाळ गावाहून आलेली होती, चांगली भरडलेली. तिच्या सासऱ्याच्या तिथीला शिधा द्यायचा होता. पितरांना दुकानातलं कशाला, म्हणून तिनं घरच्या डाळीचा डबा शिध्याच्या पिशवीत एकदम उपडा केला आणि डब्यात पुडा फोडून भरला. शकुन तेव्हा शाळेत गेली होती, मुलाच्या पालकसभेला. विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्याकडे पोचवला शिधा, म्हणाली, डाळ पाहून पुजारीणबाईनं नावाजलं.

आता सगळं बसलं होतं. दुर्गाबाईनं शकुनकडे पाहिलं. तिला बोलता आलं असतं. रुख्माबाईचं नाव स्वच्छ करायला ती अमरावतीहून आली होती, आणि एका वाक्यात ते झालं असतं. पण त्या वाक्यात शकुनची लपवाछपवी सासूसमोर उघडी पडली असती, आणि नाव न काढणं हा नेम तिचा नव्हता, नणंदेचा होता, आणि नणंद तिथं स्टुलावर बसून डब्याच्या झाकणावरून हात फिरवत होती. मंदिरात हळूच जाऊन पाटल्या आणता आल्या असत्या, कुणाला न कळता. मग बिल्डिंगमध्ये रुख्माबाई चोरच राहिली असती. दुर्गाबाईनं कमरेची पिशवी काढली, अडकित्ता काढला, आणि उंबऱ्याशी बसून सुपारी कातरायला लागली. बाहेर जिन्यात कुणाच्या तरी मोबाइलवर देवीची आरती लागली होती. ती संपली. अडकित्त्याचा आवाज तेवढा राहिला.

“आत्याबाई,” शकुन सासूला म्हणाली, “त्या डाळीत माह्या पाटल्या होत्या. मायच्या. तुमच्यापासून लपवून ठेवल्या होत्या मी. अन् या आजीवर नाव घेतलं.”

तानुबाईनं कमरेवरचे हात काढले. ती सुनेकडे पाहत राहिली, मग स्टुलावरच्या म्हातारीकडे, मग पुन्हा सुनेकडे.

“लपवल्या ते ठीक हाय,” ती म्हणाली. “पण डाळीत काहून? डाळ रोज लागते. मी माह्या सासूपासून गव्हाच्या कोठीत ठेवल्या होत्या, तळाशी. मरेपर्यंत तिले कळलं नाही.” आणि ती हसली, आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून, आणि शकुन रडत रडत हसायला लागली. रूपाली दारात उभी होती तीही. रुख्माबाईला कशाचं हसू आहे ते कळलं नाही, पण हसणाऱ्यांत आपण मागं राहू नये म्हणून तीही हसली.

सगळ्या जणी मंदिरात गेल्या. वाटेत तानुबाईनं भेटेल त्या प्रत्येकीला मोठ्यानं सांगितलं की पाटल्या मीच दान करून बसले, रुख्माबाईंचं नाव घेणाऱ्यांनी घरी येऊन माफी मागा. अभिमानी बाई. चूकसुद्धा छाती काढून सांगणारी. पुजाऱ्याच्या पडवीत पितरांच्या पंधरवड्यातल्या शिध्यांच्या पिशव्या भिंतीशी रचलेल्या होत्या, बहुतेक तशाच बांधलेल्या. पुजारीणबाई म्हणाली, आता कोणती कोणाची हे देवालाच ठाऊक. एकेक पिशवी रुख्माबाईच्या हातात दिली. तिनं पहिली कानाशी नेली आणि खाली ठेवली. पिशवी मुकी असते, म्हणाली, डबा आणा. शकुन धावत जाऊन डबा घेऊन आली. एकेक डाळ डब्यात ओतायची, रुख्माबाईनं हलवायची, थांबायचं, मान हलवायची, पुन्हा पिशवीत भरायची. पुजारी जपमाळ धरून पाहत होते, जप विसरले होते. एका डाळीला ती थांबली ती जास्तच थांबली. तिनं डबा कानावरून काढला आणि अगदी रोजचं बोलावं तसं म्हणाली, “लेणं.” शकुननं कोपरापर्यंत हात घातला.

चंदन दुकान बंद करून आला तोपर्यंत खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तो जिन्यातच थांबला. मग त्यानं पेचकस आणून दाराची बाहेरची कडी काढली, चारही स्क्रू फिरवून, आणि ती हातात घेऊन उभा राहिला, कुठं ठेवावी ते न कळून. दुर्गाबाई म्हणाली, दे इकडं. ती कडी तिनं अमरावतीला आणली. आचलनं विचारलं, ही कशाला. असू दे, ती म्हणाली.

कोजागिरीला शकुननं गच्चीवर ज्वारीच्या धांड्यांची खोप उभी केली. धांडे चंदननं कौलखेडकडच्या एका शेतातून आणले होते. बिल्डिंगमधल्या सगळ्या बाया झाकलेले डबे घेऊन आल्या, गाणी निम्मी-शिम्मी आठवत म्हणाल्या, आणि पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर यायच्या आत रुख्माबाईच्या पुढ्यात डब्यांची रांग लागली. तिनं काही ओळखले. शंकरपाळे ओळखले, राजगिऱ्याचे लाडू ओळखले, एकीनं मुद्दाम रिकामा डबा आणला होता तोही ओळखला. काही चुकले. पेढ्यांना ती बटाटे म्हणाली. चुकलं की बाया ‘बरोबर, बरोबर’ म्हणायच्या, आणि तिला ते आवडत नव्हतं. “खोटं नोका बोलू,” ती म्हणाली, “मले आयकू येते.” दुर्गाबाई तिच्या शेजारी बसली होती. तिनंही एक डबा आणला होता. फुटाणे, खाली गुळाच्या पोळ्या, आणि तळाशी फडक्यात एक लहान आरसा. रुख्माबाईनं तो हलवला, थांबली, फुटाणे म्हणाली, पोळ्या म्हणाली. मग आणखी थांबली, दुर्गाबाईकडे पाहिलं, आणि बाकीचं बोलली नाही. कळून बोलली नाही की ऐकूच आलं नाही, ते दुर्गाबाईनं विचारलं नाही. तिला विचारायचंच नव्हतं. तिनं मान ताठ ठेवून गच्चीवरच्या सगळ्या बायांकडे एकवार पाहिलं, लग्नात वरमाय पाहते तसं.

पाचवं पुस्तक मार्गशीर्षात निघालं. चित्रातल्या रुख्माबाईच्या हातात या वेळी छत्री नव्हती, डबा होता. दुर्गाबाईनं ते अकोल्याला नेलं आणि नणंदेच्या हातात दिलं. रुख्माबाईनं ते उलटं-सुलटं केलं, मग वरून तळवा दाबला, कानाशी धरलं आणि एकदा हलवलं. थांबली.

“रिकामं हाय,” ती म्हणाली आणि परत दिलं.

“असू द्या, बाई,” दुर्गाबाई म्हणाली, आणि खाटेशी बसून तिनं पहिल्या पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचत असताना रुख्माबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती. पान सरलं आणि दुर्गाबाई थांबली, की तिची मान किंचित कलायची.

रुख्माबाई त्याच सालच्या पौषात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारचं जेवण झाल्यावर अकोल्यात चंदनच्या घरी वारली.